न धुतलेला पंप

परसातल्या मिरच्या वहिनीच्या सावलीनं मेल्या नाहीत, माझ्या फवारणीच्या पंपानं मेल्या. हे आजवर मी कुणापुढंही बोललो नाही, बायकोपुढंसुद्धा नाही.

आमचं घर नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. घरामागच्या परसात आईचा लवंगी मिरचीचा वाफा होता. थोरल्या भावाला पोटाच्या दुखण्यामुळं तिखट बंद झालं, तेव्हा वहिनीनं त्यातला निम्मा वाफा उकरून ढोबळी मिरची लावली. कुणाला विचारलं नाही. मला राग आला तो मिरचीचा नव्हता. शेत मी कसायचं, भावानं ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्यानं हिंडायचं आणि घरात शब्द मात्र त्याच्या बायकोचा चालायचा, याचा होता. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते टोचण्यापुरतंच.

"भावजी, तुमची लवंगी तुमच्यावानीच. अंगानं येवढीशी, अन् नुसती जळजळ."

"तुमची ढोबळी बी तुमच्यावरच गेलीय," मी म्हणायचो. "वरून फुगलेली, आत पोकळ."

आई हसायची ती माझ्या बोलण्यावर.

ढोबळीला फुलं लागली आणि फुलकिडे आले. वहिनीनं फवारायला सांगितलं. सांगितलं म्हणजे, जेवताना सगळ्यांदेखत सुनावलं, "शेतात लई पंप मारता, घरात हात गळत्यात व्हय?" मी ताटावरून उठलो. आदल्या दिवशी उसात तणनाशक मारून पंप तसाच ओसरीत ठेवला होता. झाकण उघडलं, वास आला. तो वास मी ओळखतो. असा पंप सोड्यानं घासून धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. मी त्यातच पाणी आणि किडीचं औषध ओतलं. मुद्दाम मारायचं होतं असं म्हणणार नाही. मेली तर मेली, असं मात्र मनात आलं होतं. रागाच्या भरात आईची लवंगीही त्याच पंपानं भिजवली.

काही दिवसांत शेंडे पिळवटले, पानं दोऱ्यागत बारीक झाली. शेजारणी बघायला आल्या, बोकड्या रोग म्हणाल्या. बोकड्यात पान वाटीसारखं वळतं, शेंडा असा पिळवटत नाही. मला दिसत होतं. आईनं वेगळंच विचारलं.

"पाळीच्या दिवसांत परसात गेल्तीस का गं?"

"गेल्ते," वहिनी म्हणाली. "पाणी कोण घालणार व्हतं?"

पाळीतल्या बाईची सावली आमच्याकडं मिरचीवर पडू देत नाहीत. आईला तेवढं पुरलं.

वहिनी माझ्याकडं वळली. "पंप धुतला व्हता का, भावजी?"

"रोज धुतो," मी म्हणालो. "आई म्हणती तसंच असंल."

बोलताना आवाज हलला नाही. बरंही वाटलं, ते लपवत नाही.

आईनं तिला परस बंद केलं, पाळीपुरतं नाही, कायमचं. भाऊ ट्रकवरून आला, त्यानंही आईचंच ऐकलं. गल्लीतल्या बायका लोणचं घालताना, तिखट कांडताना तिला हाक मारीनात. तिनं गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत ढोबळी लावली. ती झाडं झकास आली, तरी कुणी आपलं म्हणणं मागं घेतलं नाही. त्या मिरच्या ती भावाच्याच ताटात वाढते. मला कधी वाढल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत.

यंदा माझी मुलगी शहाणी झाली. मी दारात चपला घालत होतो. आई तिला सांगत होती, "त्या दिवसांत परसात पाय ठेवू नगंस. तुझ्या मोठ्या आईनं कसं वाटोळं केलं, बापाला इचार." पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

वहिनी मला आजही आवडत नाही. तिचं बोलणं कानावर आलं की अजून डोकं फिरतं. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. पंप मी धुतला नव्हता, हे मला आईसमोर, त्या बायकांसमोर, वहिनी आणि माझी पोरगी ऐकत असताना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.