एकटीचे मसुदे

"हे कोणाकडून लिहून आणलंस?"

भरल्या वर्गात सरांनी विचारलं. माझा निबंध दोन बोटांत धरून. ओली चिंधी धरावी तसा. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं.

मी म्हटलं, "मीच लिहिला, सर."

"तुम्ही लोक भाषणं छान करता. पण निबंध म्हणजे घोषणा नव्हे. उद्या कच्चे मसुदे आणून दाखव. नाहीतर अंतर्गत गुण विसर."

तुम्ही लोक. वर्ध्यात, एम.ए.च्या वर्गात, आजच्या काळात.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा निबंध तिच्या प्राध्यापक काकांनी लिहिला होता. अख्ख्या वर्गाला ठाऊक. तिला सर म्हणाले, "घरचे संस्कार दिसतात." तिचे मसुदे कोणी मागितले नाहीत.

माझा निबंध कसा झाला ते सांगते. विषय आमचाच घेतला: गावात नळाचं पाणी कोणत्या गल्लीत आधी येतं आणि कोणत्या गल्लीत शेवटी. आराखडा आर्वीच्या एसटीत, उभ्यानं डोक्यात जुळवला. पुस्तकं लायब्ररीत बसून वाचली, संदर्भ तिथंच टिपले. पहिला मसुदा रविवारी विहारात, वंदना झाल्यावर, मोठ्यानं वाचला. वस्तीसाठी पत्रकं लिहिताना आमच्या महिला मंडळाची हीच रीत. ज्या वाक्याला बायकांचे चेहरे कोरे पडतात ते वाक्य खोडायचं.

मावशी म्हणाली, "काय वं, 'सामाजिक अवकाश' म्हंजे काय? गल्लीच म्हन ना सरळ!"

सगळ्या हसल्या. मी खोडलं.

दुसरा मसुदा ऐकून मायनं विचारलं, "पानी आखरीले येते हे लिवलं. काऊन येते थे कुठी हाय?"

ते 'काऊन', म्हणजे 'का', लिहितानाच माझा खरा घाम निघाला. एवढं तावूनसुलाखून निघालेलं लिखाण. सरांना ते चोरीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना माय म्हणाली, "दाखवून टाकजो. वर्ष वाया नको जाऊ देऊ."

मसुदे पिशवीत होतेच. स्टाफरूमच्या दारात गेले. सरांनी मान वर न करता हात पुढे केला. नुसता तळहात. मी पिशवीत हात घातला आणि तो तिथंच थांबला. आज हे दिले, की जन्मभर पुरावा देत बसायचं. प्रत्येक ओळ माझी आहे म्हणून. प्रत्येक दारात.

"सर, सगळ्या वर्गाचे मसुदे मागवा. त्या ढिगात माझेही ठेवते. एकटीचे देणार नाही."

"मग शून्य."

"द्या. पण शून्याखाली कारण लिहा. आणि सही करा."

शून्य मिळालं. कारण नाही. सही नाही.

मायला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग आता?"

आता पत्रक. विषय ठरला आहे: मसुदे कोणाचे मागतात आणि कोणाचे मागत नाहीत. रविवारी विहारात वाचणार. खोडणार. पुन्हा लिहिणार. मग वर्गाच्या दारात उभी राहून वाटणार. पहिली प्रत सरांच्या त्याच तळहातावर.

कारण लिहिलेलं असेल. खाली सही असेल. माझी.