चष्मेवाला आणि आईचं नाक

चष्मेवाल्याला एका गोष्टीचा नको तितका अभिमान होता. नाक बघून तो खानदान ओळखायचा. गिऱ्हाईक समोर बसलं, की फ्रेम बसवता बसवता विचारायचा, "कोपऱ्यावरचे बेकरीवाले तुमचे मामा ना?" बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलंच तर म्हणायचा, "मग घरी जाऊन नीट चौकशी करा." असल्या थट्टेपायी काही गिऱ्हाइकं कायमची तुटली, पण याची खोड काही जाईना.

ही विद्या त्याने सगळ्यात आधी घरातच वापरली होती. वडिलांचं नाक भलंमोठं, मध्ये उंचवटा असलेलं. कसलीही फ्रेम त्यावर ठाण मांडून बसायची. ते नाक गेलं ताईकडे. याच्या वाट्याला आईचं बसकं नाक आलं, त्यामुळे स्वतःच्याच दुकानातला चष्मा सारखा घसरायचा. वडील बावन्नाव्या वर्षी याच दुकानात काच घासता घासता कोसळले. रक्तदाब चढून मेंदूतली शीर फुटली. आजोबाही तसेच गेले होते. मग घरच्यांनी एकमताने निकाल लावून टाकला: जिला वडिलांचं नाक, तिलाच त्यांचं दुखणं. मुलगा आईच्या वळणावर गेलाय, त्याला काय धाड भरणार आहे!

झालं. ताईने मीठ कमी केलं, रोज सकाळी चालायला लागली, शाळेत दिवसभर शिकवून दमली तरी घरी जिन्यानेच चढायची. आणि हे महाराज काउंटरखाली खारे शेंगदाणे ठेवून दिवसभर तोंड हलवत बसायचे. ताई ओरडली, की म्हणायचा, "तुझ्या वाटचं मीठ वाया का घालवू?"

यंदा त्यालाही बावन्नावं लागलं. त्याच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. ताई दुकानात आली ती रक्तदाबाचं नवं यंत्र दाखवायला. तिने आधी स्वतःचा दाब मोजला. अगदी ठाकठीक. मग "खरं सांगतंय का बघू," म्हणत भावाच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, सैल पडला आणि वरचा आकडा एकशे ऐंशीच्या जवळ जाऊन थांबला.

"यंत्र बिघडलंय," चष्मेवाला म्हणाला.

ताईने पुन्हा स्वतःचा मोजला. ठाकठीक. पुन्हा त्याचा. आकडा हटायला तयार नाही.

"फसवलं तुला. आण इकडे, उघडून बघतो," म्हणत त्याने चष्म्याचा चिमुकला पेचकस काढला. ताईने तो हातातून काढून घेतला आणि भावाला थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्या दिवशी मोजलं, काही दिवसांनी परत बोलावून मोजलं, तपासण्या केल्या आणि गोळी लिहून दिली. चष्मेवाला वादाला तयारच होता.

"अहो बाई, माझं नाक बघा. हे आईचं आहे. दाब वडिलांकडचा. तो मला कसा येईल?"

"आणि हा आवाज कोणाचा?"

"वडिलांचा. सगळे म्हणतात."

"मग? वारसा काही एका गाठोड्यात बांधून मिळत नाही. नाकाचं वेगळं, दाबाचं वेगळं. दाबाचे तर शेकडो बारीक धागे असतात, काही आईकडचे, काही वडिलांकडचे. वर तुमचे शेंगदाणे! ताईंनाही थोडं आलं असेल, पण त्यांनी त्याला डोकं वर काढू दिलं नाही. बरं, आईंचा दाब कधी मोजला होता?"

आईचा दाब कोणी कधीच मोजला नव्हता. तिचं नाकच इतकं गरीब होतं!

औषधांच्या दुकानातून गोळ्या घेऊन दोघं चालत घरी निघाले. "गोळी उद्यापासून बघू," चष्मेवाला म्हणाला. ताई तोंड फिरवून चालत राहिली. तिला हसवावं म्हणून तो म्हणाला, "अगं, खूश हो की! इतकी वर्षं उगाच घाबरत जगलीस."

ताई थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"घाबरत कोण जगलं? बाबा गेले तेव्हा आई रडत होती आणि मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, यायचं ते माझ्यावर येईल. धाकटा सुटला."

जन्मभर दुसऱ्यांची थट्टा करणाऱ्या चष्मेवाल्याला फार लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की रस्ता नीट दिसेना. समोरच्या चहाच्या दुकानात शिरून त्याने पाणी मागितलं आणि तिच्या देखत गोळी गिळली.

"तोंड दाखव," ताई म्हणाली.

त्याने भर दुकानात आ करून दाखवला.