न फोडता घेतलेले चार

बातमी आली तेव्हा मी जयपूरजवळ सांगानेरला एका कापडाच्या कारखान्यात माझ्या ऑर्डरच्या चादरींच्या किनारीवरून भांडत होते. ठसा तिरका बसला होता आणि तिरकेपणा हीच कशी नवी फॅशन आहे, हे मालक मला पटवून देत होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. आमचे घरमालक माथूरसाहेब. एरवी फोनवरही ओरडून बोलणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, "बहनजी, आप घर आ जाइए. दीदी उठ नहीं रहीं." मी तिरक्या चादरी तशाच उचलल्या आणि रिक्षा केली. चालू भांडण अर्धवट सोडण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी. शकूताईंना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, "अगं वहिनी, संपवून यायचंस की. मी कुठे पळून जात होते?"

शकूताई माझ्या नणंद. विलासच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, सांगलीला एका तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाल्या. विलासच्या बँकेने त्याला जयपूरला धाडलं, तिलक नगरात माथूरसाहेबांच्या वरच्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड केलं, आणि शकूताई 'महिनाभर हवापालट' म्हणून आल्या त्या शेवटपर्यंत राहिल्या. येताना एक बॅग कपड्यांची होती आणि दोन हत्यारांची, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विलासच्या गाडीच्या डिक्कीतला अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गाण्याचा आवाज वाढवणारा तो जड डबा, खोलून दुरुस्त केला. विलासने ऑफिसात सांगितलं. मग काय... साहेबांचा आला, साहेबांच्या मेव्हण्याचा आला, आणि सहा महिन्यांत आमच्या जेवणाच्या टेबलावर इतके डबे पोट उघडून पडले की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

"ताई, एक तर हे जेवतील नाहीतर आपण," मी एकदा म्हणाले.

"त्यांचं कमी असतं गं. बारा व्होल्टांत भागतं," त्या म्हणाल्या.

खाली माथूरसाहेबांचं गॅरेज होतं. त्यात गाडी सोडून सगळं होतं: मोडके कूलर, एक पाळणा, निवडणुकीतले बांबू. गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी असे. शकूताईंचा त्या गॅरेजवर पहिल्या दिवसापासून डोळा होता. त्यांना स्वतःची जागा हवी होती, आणि भावाच्या घरात तसं म्हणणं त्यांना जड जात होतं, हे मला दिसत होतं. मला माझं टेबल हवं होतं, आणि ते म्हणणं मला मुळीच जड जात नव्हतं. तेव्हा मीच खाली जाऊन विषय काढला. माथूरसाहेबांनी सांगितलं की गॅरेज एका शिकवणीवाल्या मास्तरांनी आधीच मागितलंय. मग म्हणाले, "वैसे दीदी अगर मेरी गाड़ी का बाजा ठीक कर दें... दो मिस्त्री हार चुके हैं. महीना भर चल गया तो गॅरेज उनका. वरना मास्टरजी का." आणि वर, "बुरा मत मानना बहनजी, औरतों के बस का काम है नहीं ये."

हे वाक्य मी वर जाऊन शब्दशः सांगितलं. मुद्दाम. शकूताईंनी चष्मा पुसला.

डबा उघडल्यावर दोष सापडायला वेळ लागला नाही. गाडीच्या बॅटरीची वीज वाढवून देणारे चार ट्रान्झिस्टर एका ओळीत होते आणि चौघांनी मिळून भार वाहायचा होता. त्यातला एक पूर्वी जळला, तेव्हा मिस्त्रीने तेवढाच बदलून त्या जागी वेगळ्या नंबरचा, चांगला दणकट बसवला. "मोठा घातला की चांगला, असं वाटतं सगळ्यांना," शकूताई म्हणाल्या. "पण मोठ्याला जागं करायलाही जोर लागतो. हा आळोखेपिळोखे देत उठेपर्यंत बाकीच्या तिघांनी सगळं ओझं उचललेलं असतं. मग ते जळतात. एकत्र कुटुंब बघितलं नाहीस का कधी?" मी विलासकडे बघितलं. तो सकाळी आठला उठतो.

चारही बदलायचे, एकाच जातीचे, एकाच खेपेतले, असं ठरलं. मूळ नंबर बनायचा बंद झाला होता. शकूताईंनी दोन संध्याकाळी पुस्तकं चाळून त्याच्या जागी चालेल असा दुसरा नंबर काढला: व्होल्ट तेवढे, भार तेवढा, आणि उठायला आळशी नको. आता प्रश्न होता खरा माल मिळण्याचा. बाजारात हलक्या मालावर भारी नंबर छापून विकणारे होते. वरून काहीच कळत नाही. शकूताईंकडे त्यावर एकच उपाय होता, आणि तो त्यांनी भाजीबाजारातून आणला होता.

भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो. कट्कन मोडली तर कोवळी. शकूताई इतक्या भेंड्या मोडत की आमचा भाजीवाला म्हणे, "दीदी, पकाओगी भी या यहीं निपटा दोगी?" ट्रान्झिस्टरचंही तेच. त्या एक विकत घेत, पर्समधून सासूबाईंचा अडकित्ता काढत आणि दुकानदारासमोर तो फोडत. आत मसुरीच्या दाण्याएवढा चकचकीत तुकडा निघाला तर माल खरा. मग त्याच खेपेतले बाकीचे घ्यायचे. मी बरोबर होते त्या दिवशी पहिल्या दुकानात आत निघाली मोहरी. दुकानदार किंचाळला, "मैडमजी! सुपारी समझा है क्या?"

"सुपारी होती तो खा तो लेती," शकूताई म्हणाल्या आणि तुकडे गोळा करून त्याच्याच हातावर ठेवले.

दुसऱ्या दुकानात मोहरी. तिसऱ्यात त्याहून बारीक काहीतरी, बहुधा खसखस. चौथ्या दुकानापर्यंत आमची कीर्ती आधी पोचली होती. त्याने आम्हाला पाहताच माल संपल्याचं सांगितलं. शेवटी गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सिंधी गृहस्थ होते, त्यांच्या खणात त्या नंबरचे चार निघाले. चारच. जुनी खेप, कागदात गुंडाळलेली. शकूताईंचा हात पर्सकडे गेला तसे ते कागद मागे घेत म्हणाले, "तोड़ोगी तो नहीं दूँगी... मतलब, नहीं दूँगा. वादा करो." शकूताईंनी माझ्याकडे बघितलं, चार ट्रान्झिस्टरांकडे बघितलं. चार हवे होते आणि चारच होते. "वादा," त्या म्हणाल्या. इतक्या पडेल आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

ती सगळी संध्याकाळ शकूताई त्या चारांसमोर बसून होत्या. फसले तर गॅरेज मास्तरांचं, आणि माथूरसाहेबांचं वाक्य खरं.

मी म्हटलं, "ताई, टोपलीत शेवटची पावभर भेंडी उरली असेल तर आपण न मोडताच घेतो की."

"आणि घरी आणल्यावर ती जून निघते," त्या म्हणाल्या. पण उठल्या आणि डाग द्यायचं यंत्र तापत ठेवलं.

पहिली वीज त्यांनी गाडीच्या दिव्याचा एक बल्ब मध्ये लावून दिली. बल्ब पेटून राहिला तर आत काहीतरी जळतंय. पेटून विझला तर सगळं ठीक. आमच्या घरात दिवा विझल्यावर टाळ्या वाजल्या, असा तो एकच दिवस. दुसऱ्या सकाळपासून माथूरसाहेबांनी डिक्कीतून भजनं सोडायला सुरुवात केली. सहा वाजता. सगळी गल्ली उठे. शकूताई गॅलरीत कठड्याला कान लावल्यासारख्या उभ्या राहत. शेजारणींना वाटे, बाई फार भाविक आहेत. त्या आवाज कुठे फाटतोय का ते ऐकत होत्या. कुठे फाटला नाही. महिना उलटला आणि माथूरसाहेब गॅरेजची किल्ली घेऊन वर आले.

शकूताईंनी किल्ली घेतली नाही. हात मागे बांधून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या सांगलीच्या हिंदीत म्हणाल्या, "माथूरसाहब, एक बात बोलनी है. वो चार मैंने तोड़ के नहीं देखे. असली हैं कि नहीं, मेरे को पता नहीं. कल बंद पड़ेगा तो मत बोलना कि बताया नहीं." टेबल माझ्या हातातून पुन्हा निसटताना दिसलं. मी म्हणाले, "ताई, वाजतंय ना? मग?" त्या म्हणाल्या, "वाजणं वेगळं, माहीत असणं वेगळं."

माथूरसाहेबांना कुठले चार तेच आधी समजेना. मी समजावलं: अडकित्ता, मोहरी, मसूर, सगळं. ते बराच वेळ हसले. मग किल्ली टेबलावरच्या डब्यांमध्ये जागा करून ठेवली आणि म्हणाले, "दीदी, किरायेदार भी हम बिना तोड़े ही रखते हैं."

त्यानंतर 'औरतों के बस का' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. कूलर आणि पाळणा त्यांनी स्वतः उचलून गच्चीवर नेले. शकूताई रोज सकाळी नवापासून खाली असत. दारावर पाटी नव्हती, पण झालाना भागातल्या सरकारी कचेऱ्यांमधले साहेबलोक गाडी घेऊन विचारत विचारत येत आणि बाहेर उभे राहून बोलणी खात. ही बोलणी मराठीत असत. गिऱ्हाइकांना कळत बरोबर. माथूरसाहेबांनी मध्ये गाडी बदलली, अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवला. तो अजून चालतो. ते चार खरे होते की नाही, कुणाला माहीत.

मी सांगानेरला होते त्या दुपारी शकूताई तिथेच, गॅरेजमधल्या खुर्चीत गेल्या. चहाचा कप घ्यायला माथूरसाहेब गेले तेव्हा त्यांना वाटलं, डोळा लागलाय. इथल्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवशी शोकाची बैठक झाली. बाराव्यानंतर मी हत्यारं भरली, लोकांचे डबे लोकांना परत केले, जमीन धुतली आणि किल्ली घेऊन खाली गेले. व्यवहार तो व्यवहार. माथूरसाहेबांनी किल्ली घेतली नाही. मग म्हणाले, "रहने दो बहनजी. गाड़ी को अब अंदर की आदत नहीं रही."

तर किल्ली माझ्याकडे आहे. गॅरेज रिकामं आहे, फक्त डाग देताना उडणाऱ्या राळेच्या धुराचा वास भिंतींत बसलाय. तिथे चादरी ठेवता याव्यात, वास जावा, म्हणून मी आठवडाभर खिडकी उघडी टाकली. तिरक्या किनारीचे गठ्ठे अजून वरच पडलेत... खिडकी मी परवा लावून घेतली.