मागून जेवणाऱ्या

आमच्या घरी फ्रिज आला आणि मी जाड होत गेले. हसू नका, खरंच सांगते. तोवर उरलंसुरलं गल्लीतल्या गाईला जायचं. आता ते झाकून आत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पानात यायचं. आधी हे जेवायचे, मग मुलं, आणि सगळ्यांच्या मागून सासूबाई आणि मी. कालचा भात माझा, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी माझी, रविवारचे मऊ पडलेले फाफडेसुद्धा माझेच. भाजी आणि दूध आमच्यापर्यंत पोचायच्या आत संपलेलं असायचं. सासूबाई दोन घास खाऊन हात धुवायच्या. टाकवत नाही म्हणून बाकीचं मी संपवायची.

हे प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात कामाला. वाडीतल्या घरून सायकल मारत जायचे, अंगावर मूठभर मांस नाही. शेजारच्या गुजराती बेन मला जिन्यात गाठून म्हणायच्या, भाईंच्या वाटणीचं तूपही तुम्हीच खाता की काय! मी हसायची. यांच्या अंगाला लागत नाही म्हणून यांना रोज दूध-केळं, आणि मी सुटले म्हणून सासूबाईंनी मला सोमवार आणि गुरुवार दोन्ही धरायला लावले. त्यांनी ते मायेनंच केलं, त्यात खोट नव्हती.

चाळिशीत अंगावरून फार जायला लागलं. महिन्यातले बरेच दिवस तसेच. जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरात सगळ्यांना कारण ठाऊक होतं, वजन. हे म्हणाले, सकाळी कमाटीबागेत चालायला जात जा. म्हटलं, अहो, दिवसभर उभीच असते मी, चालायला आता पाय कुठून आणू?

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पिशवी काढावी लागेल म्हणाल्या. पण रक्ताचा रिपोर्ट आला तशी त्यांनी साफ नकार दिला.

“बेन, इतक्या कमी रक्तावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. परत उठायच्या नाहीत तुम्ही.”

हे म्हणाले, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा आला असेल, हिच्याकडे बघा तरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीव माझा जायला आला होता आणि मी माझ्या अंगाला लाजत बसले होते.

बाईंनी यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मी काय खाते ते विचारलं, मी सांगितलं. मग सोबत आलेल्या सासूबाईंना त्यांनी जवळ बोलावलं आणि बोटानं त्यांची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक. ह्या काय खातात, असं त्यांनी विचारलं. माझ्याच पंगतीला असतात, म्हटलं. बाईंनी दोघींना त्याच गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, आधी जेवा, गरम जेवा, मग ऑपरेशनचं बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला पाटावर बसवलं आणि स्वतः तव्यापाशी उभ्या राहिल्या. पालक, मूग, वर तूप. म्हटलं, तुम्हीही बसा, गोळ्या तुम्हालाही दिल्यात. त्या पोळी लाटतच राहिल्या. मला खूप दिवसांनी भूक लागल्यासारखं झालं, आणि रडूही आलं. मी जेवले.

असे काही महिने गेले. रक्त वाढलं, ऑपरेशन झालं, मी वाचले. घरी आल्यावर पहिल्या दिवशी हट्टानं सासूबाईंचं पान माझ्या शेजारी वाढलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

“तुझं होऊ दे. मी मागून बसते.”

त्या गेल्या तोवर रोज हेच चाललं. आधी त्या आपल्या मुलाच्या मागून जेवायच्या, नंतर माझ्या मागून.