न काढलेला केर

मी निघाले तेव्हा जेसल पार्कच्या आमच्या घरात सुतळीचे तुकडे, बॅगांवरचे फाटके कागद, पेढ्यांची रिकामी खोकी पडली होती. मावशीनं केरसुणी उचलली तशी आई ओरडली, "ठेव ती! पोरगी पोचू दे आधी."

"अगं, ती मेलबर्नला चाललीय, बोरिवलीला नाही," बाबा म्हणाले. "तोवर कचऱ्यात बसायचं?"

"बसा."

माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे केर काढायचा नाही, हा आईचा नियम. शाळेतल्या मैत्रिणी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल म्हणून मी मान वर केली नाही.

मेलबर्नमध्ये कॉलेज सांभाळून मी एका वृद्धाश्रमात काम धरलं. तिथे मिस्टर हॅरिस होते. तरुणपणी, महायुद्धात, ते न्यू गिनीच्या जंगलावर लढाऊ विमान चालवायचे. आता स्वतःची चादर स्वतः घालायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कारण एकदाच सांगितलं. सकाळी उडालेला वैमानिक परतला नाही, तर रात्रीच्या जेवणाआधी त्याची खाट रिकामी व्हायची. मोजे, साबण, तंबाखू बाकीचे वाटून घ्यायचे. त्याचं नाव कुणी काढायचं नाही. काढलं असतं, तर दुसऱ्या दिवशी विमानात बसायचा धीर झाला नसता.

एकदा त्यांचंच विमान पडलं. गावकऱ्यांनी ह्यांना जंगलातून चालवत परत आणलं, तर खाटेवर एक नवा मुलगा झोपलेला, पायात ह्यांचे मोजे. "तो उठायला लागला. मी म्हटलं, झोप." ते जमिनीवर आडवे झाले. काही दिवसांनी तो मुलगाही परतला नाही. खाट पुन्हा ह्यांची झाली.

मी सहसा कुणाला काही सांगत नाही, पण त्यांना आईचा नियम सांगितला. मग ते रोज विचारायचे, "काय, आईनं झाडलं का?"

एका सकाळी ते उठलेच नाहीत. सुपरवायझर म्हणाली, दुपारी दुसरे गृहस्थ येतायत, बेड रिकामा कर. मी केला. चादर इतकी घट्ट खोचलेली होती, की ओढताना नख तुटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या जिग्नाबेनच्या फोनवर आई बोलली. दादाचं लग्न ठरलं होतं. "तुझी कॉट देऊन टाकली गं. वन रूम किचनमध्ये जागा कुठंय? तू आलीस की खाली गादी घालू."

मागून जिग्नाबेन म्हणाल्या, "अरे, मेरे यहाँ सो जाएगी ना!"

मी "चालेल" म्हटलं. जमिनीवर त्या रात्री झोप लागली का, हे मिस्टर हॅरिसना विचारायचं राहून गेलं होतं.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? येते तेव्हा आई-बाबांच्या मध्ये गादीवर झोपते. निघते तेव्हा जिन्यात वहिनीचा आवाज ऐकू येतो, "आई, आता काढू का?"

"थांब. फोन येऊ दे."

पोचले की बॅगही न उघडता मी आधी फोन करते. आईनंतर माझ्या पाठीमागे केरसुणी कोण अडवून धरेल, हे अजून कुणाला विचारलेलं नाही.