सरकलेलं भोक

"हे भोक कुणीतरी नंतर पाडलंय," अण्णा म्हणाले आणि नाणं माझ्याकडे सरकवलं.

मी लेन्स डोळ्याला लावली. "नंतर पाडलं असतं, तर मधलं भोक कुठे गेलं असतं, अण्णा?"

"बुजवलं असेल."

"झाळल्याची खूण नाही. कड पण जुनी आहे."

अण्णांनी पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "मुंबईला कार्ड टाका."

चिंचवडला अण्णांची सराफी पेढी होती. मी तिथे सोनं-चांदी पारखायचो. जोडीला जुनी नाणी गोळा करायचो, कारण मुंबईचं एक गिऱ्हाईक त्यांना चांगला भाव द्यायचं. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. जुनी नाणी अजून चालत होती, पण लोक ती सहज मोडायला काढत.

हे नाणं म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा. तेव्हा धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने पैशाच्या मधोमध मोठं भोक ठेवलं. असे पैसे ढिगाने पडले होते, त्यांना कोण विचारतो? पण या पैशाचं भोक एका बाजूला सरकून वरच्या मुकुटात घुसलं होतं. टांकसाळीत भोक पाडणारा पंच चुकला होता. आमच्या धंद्यात याला मिंट एरर म्हणतात. बाजारातल्या चुकीच्या मालाचा भाव पडतो, नाण्याचा चढतो.

ते मला चाकणच्या बाजारात मिळालं होतं. पारूबाई नावाची एक तरुण बाई कांदे विकत होती. मांडीवर वर्षाची मुलगी, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो पैसा. मी पाच रुपये देऊ केले आणि वर सरळ भोकाचा दुसरा पैसा. ती हसली. "घ्या की. दोरा त्योच, पैसा दुसरा." नोट पदराच्या गाठीला बांधून तिने लगेच नवा पैसा ओवला. सौदा सरळ झाला होता.

मुंबईहून उलट कार्ड आलं, रविवारी येतो म्हणून. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पारूबाई विचारत विचारत पेढीच्या पायरीवर येऊन बसली. मुलगी खांद्यावर निपचित पडली होती.

"पोरीला ताप हाय," ती म्हणाली. "सासू म्हणती, वाकड्या भोकाचा पैसा नजर आडवत व्हता, त्यो तू इकलास. त्यो घिऊनच घरात पाऊल टाक."

तिने गाठ सोडून नोट गादीवर ठेवली. नोट मोडलेलीसुद्धा नव्हती.

अण्णा वाईट माणूस नव्हते, पण व्यापारी होते. "बाई, सौदा झालाय. मी उद्याचा शब्द दिलाय. आणखी दहा देतो. पोरीच्या औषधाला होतील."

"मला पैसे न्हाई पायजेत," पारूबाई म्हणाली. "पैसा पायजे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं तिनेच बोलून टाकलं होतं. ताप नाण्याने चढत नाही की उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिला घरात घेणार की नाही, हे मात्र त्या नाण्यावर ठरणार होतं.

अण्णा उठले. तिजोरीतून नाण्याची पुडी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. मग मला म्हणाले, "केशवराव, यांना दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरांना म्हणावं, माझ्या नावावर लिहा."

मुलीच्या कानात पू होऊन कान फुटला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कान साफ केला आणि रोज यायला सांगितलं. मुलगी सुईला रडत होती तेव्हा पारूबाई तिच्या गळ्यात दोरा बांधत होती. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "असू द्या."

रविवारी मुंबईचे गृहस्थ आले. नाणं नाही म्हटल्यावर चिडले. "दुसऱ्याने जास्त दिले का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मी घेतलं त्याच किमतीला परत गेलं."

त्यांना ते खरं वाटलं नाही. पुढे बरेच महिने त्यांची ऑर्डर आली नाही, आणि अण्णांनी मला त्यावरून एक शब्दही ऐकवला नाही.

पुढच्या हंगामात पारूबाई चाकणला पुन्हा दिसली. मुलगी पाटीला धरून उभी होती आणि तो पैसा तोंडात घालून चघळत होती. मुकुट बराच पुसट झाला होता. अशा झिजेने नाण्याची ग्रेड उतरते, आणि माझी नजर सवयीने तिथेच गेली.

"इंजेक्शनचं नाव न्हाई काढत सासू," पारूबाई हळूच म्हणाली. "मी बी न्हाई काढत."

मी दोन शेर कांदे घेतले.

पेढीवर मी पुढे बरीच वर्षं होतो. नाणं पाहिलं की आधी धातू, मग साल, मग कड पाहायची, हा क्रम शिकवलेलाच होता. त्यात मी एकच गोष्ट वाढवली. ते पेटीतून आलंय की गळ्यातून, हे सगळ्याच्या आधी विचारायचं. पेटीतल्याला भाव सांगता येतो. गळ्यातल्याला भाव सांगू नये. विकणारा हो म्हणाला तरीसुद्धा.