मागे येणारी बाई

धुलाई विभागाच्या मुकादमानं सरळच सांगितलं होतं. "मुलीच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. तिची चादरीची घडी पाहून आमच्या जुन्या बायका ओशाळल्यात. पण रोज हात धरून आणायला कुणीतरी लागणार असेल, तर मी कामावर कुणाला घेतलं? मुलीला की तिच्या आईला? सोमवारी एकटी येऊ दे, नऊच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. दोघं थांबलेत."

मुलीची आई कपडे दुरुस्त करणारी. परक्यांच्या विजारी आखूड करण्यात आणि उसवलेल्या शिवणी पुन्हा घालण्यात तिचा जन्म चाललेला. डोळे मिटून काजं करणारी ही बाई मुकादमासमोर मात्र रिळाचा दोरा सुटावा तशी सुटली. "एकटी? अहो, बस आहे, मोठा रस्ता आहे…"

ठमी एकोणीस वर्षांची. पाच वर्षांची होईपर्यंत बोलली नाही. बुटाची नाडी बांधायला तिला तीन वर्षं लागली. घड्याळ अजूनही फक्त तासांचं कळतं. आता शाळा संपली होती. म्हणजे नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर खिडकीजवळची खुर्ची आणि समोरचा रस्ता. शाळेतल्या बाईंनी तिला त्या एका वाटेवरून चाळीस वेळा नेलं होतं. आधी हात धरून, मग शेजारून, मग दहा पावलं मागून. शेवटी बाई आईला म्हणाल्या, "सोमवारी तुम्ही घरातच थांबायचं हं."

"थांबते की! मी कशाला जाते?"

सोमवारी सकाळी ठमीनं डबा घेतला, "येते" म्हणाली आणि जिना उतरली. आईनं खुंटीवरचा नवऱ्याचा रेनकोट अंगावर चढवला, डोक्याला रुमाल बांधला, काळा चष्मा लावला. बाहेर लख्ख ऊन!

नळदुरुस्तीची पिशवी भरता भरता नवरा म्हणाला, "हेरखात्यात भरती झालीस वाटतं? आणि पाऊस कुठं पडतोय?"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या काळजाला घट्टे पडलेत."

"बाईंना शब्द दिलास ना?"

ती केव्हाच दोन पायऱ्या एकदम उतरत होती.

बसमध्ये ठमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. आई शेवटच्या बाकावर, कुणाच्या तरी वर्तमानपत्राआड. ठमी प्रत्येक थांब्याला एक बोट दुमडत होती. चौथं बोट दुमडलं, उठली, उतरली. आईनं वर्तमानपत्र खाली केलं. ही माझी? खरंच माझी?

उतरल्यावर ठमीनं मागे पाहिलं. आई टपालपेटीआड. थोडं चालून ठमीनं पुन्हा पाहिलं. आई खांबाआड, खांब बोटभर, आई चांगली हातभर बाहेर. तिसऱ्यांदा पाहिलं आणि ठमी भलतीकडेच वळली. सरळ औषधांच्या दुकानात!

आई रस्त्यातच थबकली. हे दुकान वाटेत नाही. वाट विसरली! नऊला दहा कमी. संपलं सगळं. ती धावतच आत शिरली.

ठमी काउंटरशी ताठ उभी राहून सांगत होती, "काका, एक बाई माझ्या मागे येते आहे. घरापासून."

औषधवाला काउंटरला वळसा घालून बाहेर आला. "ओ बाई! तिथंच थांबा. काय काम आहे तुमचं पोरीकडे?"

आईनं चष्मा ओढून काढला. "अहो, मी आई आहे हिची!"

"धरल्यावर सगळेच नातं सांगतात." तो ठमीकडे वळला. "ओळखतेस का हिला?"

"हो. आई आहे."

"आई? मग तक्रार कसली?"

"मागे येते आहे," ठमी म्हणाली. "बाई म्हणाल्या, कुणी मागे आलं की दुकानात जायचं. ओळखीचं असलं तरी."

औषधवाल्यानं आईच्या रेनकोटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओठ दाबले.

"कधी ओळखलंस मला?" आईनं विचारलं.

"बसमध्ये. बाबांचा रेनकोट."

"अगं, मग तेव्हाच हाक मारायचीस!"

"बसमध्ये ओरडायचं नाही."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. आईनं लेकीचं मनगट धरलं. "चल, माझ्यामुळे उशीर झाला. कोपऱ्यापर्यंत सोडते, तिथून पळ."

ठमीनं मनगट सोडवून घेतलं. झटका नाही, राग नाही. चादरीला अडकलेला धागा काढावा तसं. "एकटी ये म्हणाले आहेत मुकादम. तू इथं बस." तिनं स्टुलाकडे बोट दाखवलं. "काका, तिला बसवा."

"बसा बाई," औषधवाला म्हणाला. "माझंसुद्धा काही चालेल असं वाटत नाही."

आई बसली.

काचेपलीकडे मोठा रस्ता. चालणाऱ्यांचा सिग्नल लाल. पण एकही गाडी नव्हती, आणि माणसं भराभरा ओलांडून जात होती. ठमी काठावर उभी. डबा छातीशी, नजर दिव्यावर. नऊला सहा कमी. "जा गं, सगळे जातायत, जा!" आई काचेला कुजबुजली. कुणाचा तरी धक्का लागला. ठमी हलली, पुन्हा जागेवर आली. सगळे रस्ता ओलांडून गेले आणि त्या काठावर एकटी तिची लेक उरली. चाळीस वेळा गिरवलेल्या वाटेवर सख्खी आई आडवी आली, तरी एक पाऊल न चुकलेली.

"कोणती परीक्षा देतेय ही?" औषधवाल्यानं हळूच विचारलं.

आईची नजर दिव्यावरून हलली नाही.

हिरवा झाला. ठमी उजवीकडे बघून, डावीकडे बघून, आपल्याच चालीनं ओलांडून गेली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

नऊ वाजून गेले आणि आईचा फोन वाजला. मुकादम. "आली हो तुमची. नऊला एक मिनिट कमी. पण भानगड काय आहे? आल्या आल्या म्हणते, उशीर झाला असेल तर आईला रागवा."

"रागवा," आई म्हणाली, "हवं तेवढं रागवा मला. पण जागा तिची ना?"

"तिचीच. ठेवा आता, तीनशे चादरी पडल्यात, ती सुरूसुद्धा झाली."

आई फोन हातात धरून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. औषधवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं घेतला, पण प्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.